शिव्यांचं माहेर

आखाजी तोंडावर आली आणि आंबेथडीच्या चौकात दूध डेअरीच्या भिंतीवर एक भलामोठा फ्लेक्स लागला. कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला, गावच्या उत्सव कमिटीचा स्वप्नील, मधोमध गौराईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: यंदापासून नदीवरचा बार बंद. त्याऐवजी शाळेच्या पटांगणावर भव्य सांस्कृतिक सोहळा. माता-भगिनींनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे. भिकुबाई भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालली होती. तिने पिशवी खाली ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि सगळा मजकूर डेअरीच्या आतल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचून काढला. मग म्हणाली, "माता बी आम्हीच, भगिनी बी आम्हीच. मंग बंद करनारा हा कोन?"

डेअरीतल्या माणसांनी दुधाच्या मापात नजर खुपसली. भिकुअक्काला उत्तर द्यायची हौस आंबेथडीत सहसा कोणाला नसते.

बार म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावंच लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीबाळी माहेरी येतात, कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, घरोघरी गौराई बसते आणि शेवटच्या दिवशी उन्हं उतरली की टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या बाया नदीवर जातात. अलीकडच्या काठावर आंबेथडीच्या, पलीकडच्या काठावर निंबथडीच्या. वैशाखात मधे पाणी असतं जेमतेम घोटाभर. आणि मग दोन्ही काठांवरून ज्या शिव्या सुटतात, त्या ऐकून झाडावरचे कावळेसुद्धा दुसरं गाव बघत असतील. दिसायला शिवी समोरच्या बाईला. पण ती खरी कोणासाठी आहे हे दोन्ही काठांना ठाऊक असतं. जिची तक्रार सासूबद्दल, तिच्यासाठी समोरची बाई सासू होते, सासूच्या तोऱ्यात बोलते, डिवचते, आणि पोरीच्या पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. नवरा असेल तर नवरा होते, नणंद असेल तर नणंद. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर कोणी उच्चारत नाही. बाजारात दोघी भेटल्या तर एकाच रिक्षात बसून, मांडीवर पिशव्या घेऊन गप्पा मारत येतात. असा हा रिवाज आहे, आणि तो ज्याला घाणेरडा वाटतो त्याने कधी वर्षभर तोंड दाबून भाकऱ्या थापलेल्या नसतात.

भिकुबाई स्वतः एकदा या बारातून नवी होऊन परतली होती. तिचं नाव भिकुबाई का पडलं हे खानदेशात कोणी विचारत नाही; आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने हिला देवाकडून भीक मागून घेतली. अशी मागून आणलेली पोर दबून राहील असं ज्यांना वाटलं, त्यांचा अंदाज साफ चुकला. मॅट्रिक झाल्या झाल्या तिला दीपनगरला दिली. नवरा औष्णिक केंद्राच्या वसाहतीत राहणारा, साहेबलोकांत ऊठबस करायची भारी हौस असलेला. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला केक कापायची वेळ आली. भिकुबाईने शाळेत स्पेलिंग घोकून पाठ केलेला शब्द मोठ्या विश्वासाने उच्चारला, "क्नाइफ आणू का?" सगळी खोली हसली. हसले ते हसले, पण नवऱ्याला त्यात करमणूक सापडली. त्यानंतर घरी पाहुणा आला की तो हाक मारायचा, "अगं, ती सुरी आण. काय म्हणतात तिला इंग्रजीत?" आणि तिला ते म्हणून दाखवावं लागायचं. एके दिवशी तिने सुरी आणून टेबलावर आपटली. "सुरी म्हनता तिले. अन् आता तुमचं तुम्हीच कापा," एवढं बोलून ती चप्पल घालून निघाली, ती थेट माहेरी.

त्या वर्षीच्या आखाजीला पलीकडच्या काठावर कमलबाई उभी होती. ती निंबथडीची, गावातच दिलेली, भिकुबाईच्याच वयाची. बातम्या काय, पुलाची वाट बघत नाहीत. कमलबाईने कमरेवर हात ठेवले आणि पुरुषी आवाज काढून पाण्यावरून हाक घातली, "अगं, ती सुरी आण! काय म्हणतात तिला इंग्रजीत?" भिकुबाईला वाटलं, आता आपण रडणार. पण ती रडली नाही, तिने तोंड उघडलं, आणि अंधारून येईपर्यंत ते मिटलं नाही.

पुढे सावद्याच्या टायपिंग क्लासात ती आधी शिकायला गेली, मग शिकवायला राहिली, आणि मालक थकल्यावर क्लासच तिच्याकडे आला. एकदा भुसावळला नासीरभाईंच्या रद्दीच्या दुकानात ती जुने कागद घ्यायला गेली असता, कुठल्याशा रिकाम्या झालेल्या रेल्वे बंगल्यातून आलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश तिथे पडला होता. पाठ फाटलेली, पानं पिवळी. "उशाला घ्या नाहीतर वाचा, दोन्हीला चालेल," नासीरभाई म्हणाले. तिने तिथेच बसून तो उघडला आणि आधी सुरी शोधली. बघते तर काय, तो शब्द होड्यांतून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांचा, आणि त्यातला 'क' खुद्द इंग्रजांचे पूर्वज शेकडो वर्षं चांगला तोंड भरून उच्चारत होते! नंतर त्यांनीच तो टाकून दिला. भिकुबाई रद्दीच्या ढिगावर बसून इतकी हसली की नासीरभाईंच्या रईसाभाभी आतून पाणी घेऊन धावल्या.

तेव्हापासून तिला वेड लागलं ते लागलं. आणि तेसुद्धा उपयोगाच्या शब्दांचं नव्हे. "कामाचे शब्द सगयेच विचारता. ज्याले कोनी विचारत नाही तो मले पाहिजे," असा तिचा खाक्या. प्रत्येक शब्दाला माहेर असतं आणि सासर असतं, असं ती क्लासातल्या पोरींना सांगायची. माहेर लॅटिन, सासर इंग्रजी. सासरी आला की त्याचं रूप पालटतं, बोलणं पालटतं, कधी आडनावच जातं. पण नीट विचारलं तर तो माहेर सांगतोच. सगळ्यांत तिचा लाडका शब्द होता मम्प्सिमस. कोण्या काळी एक म्हातारा पाद्री लॅटिन प्रार्थनेत कायम 'मम्प्सिमस' म्हणायचा. खरा शब्द होता 'सम्प्सिमस'. चूक दाखवणाऱ्याला म्हाताऱ्याने सांगितलं म्हणे, तुझ्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडायचा नाही. तेव्हापासून अशा हटवादी माणसालाच इंग्रजीत मम्प्सिमस म्हणतात. भिकुबाई हा किस्सा सांगायची आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवायची.

भाऊ हेमराजच्या केळीच्या बागेत जाऊन ती शब्द मोठमोठ्याने म्हणत फिरायची, कोशातल्या खुणा सांगतील तिथे जोर देऊन. मजूर बायांना आधी वाटलं बाईला काही झालंय. मग सवय झाली. एवढे शब्द जमले, पण ते ऐकवायला माणूस मिळेना. पोरींना टायपिंगचं सर्टिफिकेट हवं असायचं, हेमराजला बागेचं पाणी. सासर नाही, मूल नाही, आणि डोक्यात हे भलतंच भांडार. त्याचं तिला मनातून वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे कबूल करायचाही राग यायचा.

आता यंदाची गोष्ट. हेमराजची मोनाली लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी आली. पोर लहानपणी अशी होती की बागेच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या माणसाने ओ द्यावी. ती आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. झोक्यावर बसली तर पोरी गाणी म्हणायच्या आणि ही ओठ हलवायची. भिकुबाईने तिला आंब्याची फोड देत विचारलं, "सासरचे कसे हायेत वं?"

"चांगले आहेत."

"मारता?"

"नाही हो आत्या. आवाजसुद्धा चढवत नाहीत कोणी."

हळूहळू कळलं ते एवढंच. नाशिकची माणसं शिकलेली, नीटनेटकी. घरात कोणी ओरडत नाही. मोनाली बोलली की सासूबाई फक्त मंद हसून म्हणतात, हळू बोल, आणि 'केयी' नाही, केळी. पाहुण्यांसमोर नणंद तिच्याकडून 'डोळे' म्हणवून घेते, ते 'डोये' निघतं, मग सगळे हसतात; प्रेमानेच हसतात. नवरा म्हणतो, मनावर नको घेऊस. तिने मनावर घेतलं नाही, तिने बोलणंच कमी केलं. आता माहेरी आल्यावरसुद्धा ती 'आहेत' आणि 'नाही हो' असं धुतल्यासारखं बोलत होती, आणि तेही तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

भिकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुसरस असा एक शब्द तिला ठाऊक होता. माहेर लॅटिन, अर्थ कुजबुज, सळसळ, जोर दुसऱ्या अक्षरावर. केळीच्या पानांत वारा शिरला की तो शब्द तिला आठवायचा आणि आवडायचा. पण जिवंत पोरीचा आवाज तसा व्हावा? या पोरीला यंदा नदीवर नेलंच पाहिजे, नाहीतर ही अशीच परत जाईल आणि पुढच्या वर्षी एवढंही बोलणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि नेमका यंदाच बार बंद.

ती तडक स्वप्नीलकडे गेली. स्वप्नील मुळात वाईट पोरगा नाही. गावात वाचनालय काढलं ते त्यानेच. त्याचं दुखणं वेगळं होतं. गेल्या आखाजीला कोणीतरी बाराचा व्हिडिओ काढून पसरवला, आणि त्यात सगळ्यांत पुढे, पदर खोचून, सगळ्यांत रसरशीत शिवी देणारी बाई त्याची आई होती. जळगावच्या कॉलेजातल्या त्याच्या मित्रांनी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

"अक्का, तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "आपल्या आयाबहिणी अशा शिव्या देतात, बाहेरचे बघतात, काय म्हणत असतील?"

"म्हनत असतील की ह्या बायांचा घसा चांगला हाये."

"मस्करी नको. शिव्या बंद म्हणजे बंद. कमिटीचा ठराव झालाय."

"शिव्याच बंद ना? मंग बार कशाले बंद?" भिकुबाईच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. "मंग आम्ही शिव्या नाही देनार. आम्ही नदीवर इंग्रजी बोलू."

स्वप्नीलचे डोळे चमकले. इंग्रजी म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवसापासून हेमराजच्या अंगणात, झोक्याखाली, वर्ग भरला. लेकीबाळी गोळा झाल्या, भिकुबाई मधे खाटेवर बसली, आणि आयुष्यभर कोणी न मागितलेलं भांडार तिने उघडलं. "पहिला शब्द, लिकस्पिटल. ह्याचं माहेर दूर नाही, दोन्ही तुकडे घरचेच. लिक म्हनजे चाटनं, स्पिटल म्हनजे थुंकी. आपन थुंकी झेलनारा म्हनतो ना, तोच हा, फक्त गोरा." पोरी खिदळल्या. "दुसरा, स्लबरडिगलियन. गबाया, घानेरडा मानूस. पुढचा अर्धा डच लोकांकडून आला असावा, मागच्या अर्ध्याचं माहेर कोनालेच धड माहित नाही. जोर 'ग'वर द्यायचा, नाहीतर मजा जाते. तिसरा स्नॉलीगॉस्टर. हा अमेरिकेचा. ज्याले काही तत्त्व नाही, पन खुर्ची पाहिजे, असा धूर्त पुढारी."

"अन् गार्डिलू!" ती उठून उभी राहिली. "हे स्कॉटलंडचं. एडिंबरो गावात बाया वरच्या मजल्यावरून घान पानी रस्त्यावर फेकायच्या, अन् फेकायच्या आधी ओरडायच्या, गार्डिलू! मूळ फ्रेंच. पान्याले सांभाया! म्हनजे आम्ही तर फेकनारच, तुम्ही बाजूले व्हा."

मोनाली हसली. तोंडावर हात न ठेवता हसली. मग म्हणाली, "गार्डिलू." हळू होतं, पण होतं.

त्या दिवशी भिकुबाईला जेवण गोड लागलं. आणि इथेच ती फसली.

कारण स्वप्नील दुसऱ्या दिवशी तालीम बघायला आला आणि हरखून गेला. खेड्यातल्या पोरी इंग्रजी शब्द, तेही असे की शहरातल्यांनी ऐकलेले नाहीत! त्याने तिथल्या तिथे ठरवलं, हे नदीवर नाही, स्टेजवर व्हायला पाहिजे. माईक, पडदा, व्हिडिओ. प्रमुख पाहुणे येणार आहेत, त्यांच्या हस्ते अक्कांचा सत्कार. "दुर्मिळ इंग्रजी शब्दांच्या अभ्यासक श्रीमती भिकुबाई," तो म्हणाला. "शाल, श्रीफळ, दोन शब्द मनोगत. लोकांना कळू द्या ना अक्का, आपल्या गावात काय माणूस आहे."

भिकुबाईने हो म्हटलं. खोटं कशाला बोला, तिला मोह पडला. एवढी वर्षं केळीच्या पानांना शब्द ऐकवले, आता कोणी खुर्ची देऊन ऐकायला बसणार होतं. घरी येऊन तिने पेटीतलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं. नदीचं काय, असं मोनालीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाहू ना. आधी कार्यक्रम होऊ दे." मोनालीने मान हलवली आणि आत गेली. ते मान हलवणं भिकुबाईला दिसलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

स्टेजवरच्या तालमीत स्वप्नीलने मोनालीला पहिलं उभं केलं. ती दिसायला सालस, साडी छान नेसते, सुरुवात हिनेच करावी. मोनालीने माईकसमोर शब्द म्हटला. जरा जोरातच म्हटला. अंगणातल्या आठवड्याने तेवढं तरी केलं होतं.

"सुंदर," स्वप्नील म्हणाला. "फक्त ताई, जरा हळू. माईक आहे ना. आणि थोडं हसत, सॉफ्ट."

मोनालीने पुन्हा म्हटला. हसत, सॉफ्ट. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तेव्हा तिचा आवाज माईकलाही सापडेना. "बस, हेच!" स्वप्नीलने टाळी वाजवली.

भिकुबाई खाली पहिल्या रांगेत बसली होती. दीपनगरच्या खोलीत टेबलाभोवती बसलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. काय म्हणतात याला इंग्रजीत, म्हणून दाखव. आणि या वेळी पोरीला टेबलापाशी आणून उभी करणारी ती स्वतः होती. तिला स्वतःची चीड आली. घरी येऊन वाळत टाकलेलं लुगडं तिने घडी न घालताच पेटीत कोंबलं.

आखाजीच्या शेवटच्या दिवशी पटांगण भरलं. गौराईच्या टोपल्या स्टेजसमोर ओळीने मांडायला लावल्या होत्या. विसर्जन नंतर ट्रॅक्टरने होणार होतं. पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. ऊन कलायला लागलं तसं बायांचं लक्ष सारखं नदीच्या बाजूला जात होतं. पलीकडून काहीतरी आवाज येत होता. निंबथडीच्या बाया आल्या होत्या आणि वाट बघत होत्या.

भिकुबाई रोजच्याच लुगड्यात स्टेजवर चढली. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, स्वप्नीलने माईक पुढे केला. तिने नारळ पाहुण्यांच्या टेबलावर ठेवून दिला.

"मले शब्दांबद्दल बोलायले सांगितलं हाये," ती म्हणाली. "तर बोलतो. ह्या पोरी आता तुम्हाले इंग्रजी म्हनून दाखवनार होत्या. तुम्ही टाया वाजवनार होते. पन त्याचा अर्थ तुम्हाले कोनी सांगितला नाही, तो मी सांगतो. ह्या शिव्या हायेत."

पटांगणात कुजबुज उठली. स्वप्नील पुढे सरकला. "अक्का, मनोगत थोडक्यात..."

"सगया शिव्या हायेत. चांगल्या, जुन्या, खानदानी शिव्या. त्या गोऱ्यांच्या बायाही आपल्यासारख्याच तोंडाच्या होत्या. अन् शिवी काही म्हनून दाखवायची वस्तू नाही. ती द्यावी लागते, अन् घ्यायले समोर कोनी लागतं. माईकसमोर हयू आवाजात शिवी देनं म्हनजे कोरड्या विहिरीत पोहनं. स्वप्नील, तुले आईची लाज वाटली ना? तिने तुले सांगितलं का कधी, ती कोनाले शिव्या देत होती ते? विचार तिले. उद्या नको विचारू, उद्या ती सांगनार नाही. आज नदीवर ये अन् ऐक."

स्वप्नीलची आई दुसऱ्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली आणि तिने पदर कमरेला खोचला. स्वप्नीलने आईकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि हातातला माईक खाली केला. पाहुणे घड्याळ बघू लागले.

भिकुबाईने शाल काढून खुर्चीवर टाकली, खाली उतरली, आपली टोपली डोक्यावर घेतली आणि माईकची गरज नसलेल्या आवाजात ओरडली, "गार्डिलू!"

"गार्डिलू!" झोक्याखालच्या पोरींनी ओ दिली. टोपल्या उचलल्या गेल्या. खुर्च्या सरकल्या, पोरं बाजूला झाली, आणि सगळा बायांचा लोंढा शाळेच्या फाटकातून नदीच्या वाटेला लागला. लहान पोरीसुद्धा त्या स्कॉटलंडच्या शब्दाने गल्ली दणाणून सोडत होत्या. मोनाली भिकुबाईच्या मागे चालत होती, टोपली सांभाळत, तोंड बंद.

पलीकडच्या काठावर कमलबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचे केस आता पांढरे झाले होते, पण हात त्याच जागी होते. "आल्या का वं? मले वाटलं सगया कैऱ्यांसारख्या वायल्या झाडावरच्या झाडावर!"

अलीकडून स्लबरडिगलियन गेला, लिकस्पिटल गेला, एकामागून एक. निंबथडीच्या बाया ऐकत राहिल्या. मग कमलबाई म्हणाली, "हे काय थुंकू राह्यल्या तुम्ही? मले लागतच नाही काही! लागंल असं द्या ना!"

आणि ते खरंच होतं. भिकुबाईला एरवी राग आला असता, पण आज तिला हसू फुटलं. ते शब्द तिचे होते, जिवापाड जपलेले होते. ते आनंदासाठी होते. इथे ते उपयोगाचे नव्हते आणि असायची गरजही नव्हती. तिने मोनालीच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली आणि तिला पाण्यापर्यंत पुढे ढकललं. "नाशिक," एवढं एकच ती पलीकडे ओरडली.

कमलबाईला तेवढं पुरलं. खानदेशात बातम्या पुलाची वाट बघत नाहीत, हे आधी सांगितलंच आहे. तिने पदर नीट केला, मान जराशी तिरकी केली, चेहऱ्यावर मंद हसू आणलं आणि अगदी शुद्ध, धुतलेल्या भाषेत पाण्यावरून म्हणाली, "मोनाली, बाळा, हळू बोल. पाहुणे आलेत. आणि केळी म्हण बरं एकदा. म्हण ना."

मोनाली एक पाऊल मागे सरकली.

"म्हण ना बाळा. के-ळी."

"नाही म्हनत!" मोनाली म्हणाली.

"हळू."

"नाही बोलनार हयू!" आणि मग जे सुटलं ते सुटलं. "मी केयीच म्हनीन! माह्या बापाच्या बागेतली केयी हाये ती, तुमच्या बाजारातली नाही! डोये म्हनीन, काया म्हनीन, सगयं म्हनीन! हसता काबरं? माह्या मायनं मले ह्याच बोलीत निजवलं, ह्याच बोलीत उठवलं! तुमची पोरगी मले पाहुन्यांसमोर नाचवते, अन् तुम्ही चहा पेता! तुमचा पोरगा म्हनतो मनावर घेऊ नको! तो घेईना का एकदा मनावर!" कमलबाई मधे मधे "शी, काय ही भाषा", "आम्ही तर प्रेमानं सांगतो" असं तूप ओतत होती आणि मोनाली भडकत होती. तिला रडू आलं, ती रडत रडत ओरडली, मग रडणं थांबलं आणि नुसतं ओरडणं उरलं. मागे हेमराज नदीलगतच्या आपल्या बागेच्या बांधावर येऊन उभा होता. त्याने लेकीचा आवाज ऐकला आणि तो खाली बसला.

शेवटी कमलबाईच दमली. ती खाली वाकून ओंजळभर पाणी प्यायली आणि तिने आपल्या बाजूच्या बायांतून एका पोरीला दंडाला धरून पुढे आणलं. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, नजर पायांच्या अंगठ्यावर.

"हिचं ऐका आता," कमलबाई म्हणाली. "हिची सासू हिचा फोन तपासते. हिनं कोनाले सांगितलं नाही, मलेच तेवढं."

अलीकडून कोणीतरी सासू व्हायला हवं होतं. भिकुबाई तोंड उघडणार तेवढ्यात मोनाली तिच्या पुढे झाली. घसा बसला होता, चेहरा लाल होता. तिने त्या पोरीकडे क्षणभर पाहिलं. मग हात पुढे केला, तळवा वर, आणि नाशिकच्या त्या गोड, नीटनेटक्या आवाजात म्हणाली, "आण बघू इकडे फोन. घरच्यांपासून काय लपवायचं असतं गं?"

ते वाक्य उच्चारताना तिचं तोंड कडू झालेलं भिकुबाईला दिसलं. पलीकडची पोर दचकली, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"नाही देत," पोर पुटपुटली.

मोनालीने मागे वळून हलकेच विचारलं, "आत्या, आजून चिडवू का तिले?"

"चिडव," भिकुबाई म्हणाली. "बिचारी आजून लई हयू बोलू राह्यली."